महाराज, भांग आणि तूप

होळी जवळ आली की आमच्या घरी एक विषय हमखास निघतो, आणि निघाला की कोणीतरी तो तितक्याच हमखास बदलतं. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं असंच चाललंय. यंदा ठरवलं, एकदा हे सगळं नीट लिहून काढायचं. नात्यातली बरीच मंडळी इथे येऊन वाचतात (प्रतिक्रिया देत नाहीत, थेट फोन करतात!), त्यांच्यासाठी तर मुद्दाम. बाकीच्यांनी जुन्या नागपूरची एक गोष्ट म्हणून वाचावी. मध्ये थोडा इतिहास येईल, चिमूटभर रसायनशास्त्रही येईल. माझं रसायनशास्त्र बारावीत संपलं, त्यामुळे घाबरू नका.

आमचं दुकान गांधीबागेत होतं. गांधीबाग म्हटलं की आता लोकांना कापडाचा ठोक बाजारच आठवतो. पण त्या कापडाच्या गाद्यांमध्ये मधूनमधून इतर दुकानंही असायची. त्यातलं एक आमचं, काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, वावडिंग, पिंपळी, अश्वगंधा, धोत्र्याचं बी, काय हवं ते. रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी वास यायचा, मग दुकान दिसायचं. आबा म्हणजे माझे आजोबा गादीवर बसत. मोठे काका उधारी-वसुली बघत. आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत महाराज असत.

महाराज रीवाकडचे. त्यांना नाव होतंच, पण सगळी गांधीबाग त्यांना महाराज म्हणायची. कुटणं, चाळणं, पुड्या बांधणं हे त्यांचं काम. लोखंडी खलात दिवसभर ठोके पडत आणि त्या ठोक्यांवर मी मागच्या खोलीत कितीतरी दुपारी झोपलोय. त्यांचा तराजू कधी चुकत नसे. आबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, "महाराजांनी तोललं म्हणजे परत तोलायचं काम नाही."

धुळवडीला महाराजांचा वेगळा मान असे. जबलपूरकडचे एक व्यापारी भांगेच्या पानांची पुडी आणून देत. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे भांगही परवान्याशिवाय चालत नाही, हे मला फार मोठेपणी कळलं. तेव्हा घरात कोणी हा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही.) सकाळी महाराज आंघोळ करून बसत, पानं धूत, आणि बडीशेप, मिरे, खसखस, मगज, बदाम यांच्याबरोबर पाट्यावर वाटत. मग दूध, साखर, गाळणं. मोठ्या माणसांना अर्धा अर्धा पेला ठंडाई मिळे. आम्हा पोरांना बिनभांगेची. मोठी माणसं जरा जास्त हसत, जरा जास्त जेवत, आणि दुपारी झोपून जात. दरवर्षी हेच.

मग १९७९ ची धुळवड आली. मी नऊ वर्षांचा होतो. घरात पाहुणे होते आणि मोठ्या काकांच्या डोक्यात आलं की यंदा ठंडाई नको, बर्फी करू. पानं तीच, पुडी तीच, मापही दरवर्षीचंच. ती तुपात परतली, खव्यात घातली, थाळ्यात थापली. दुपारी जेवणाआधी सगळ्यांनी एकेक वडी खाल्ली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, काही होईना. मोठे काका म्हणाले, "महाराज, यंदा तुमची भांग झोपली वाटते," आणि आणखी दोन वड्या उचलल्या. त्यांचं बघून इतरांनीही.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. काका छाती धरून बसलेले. "मी चाललो, मी चाललो" म्हणताहेत. आत्याचे यजमान भिंतीला पाठ लावून बसलेत आणि उठायला तयार नाहीत. कोणाच्या तोंडाला कोरड, कोणाला हसू आवरत नाही आणि मग अचानक रडू. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लाल झालेले डोळे बघितले, नाडी बघितली आणि विचारलं, "यात धोत्रा तर नाही ना पडला?"

बस. एवढं वाक्य पुरलं. दुकानात धोत्र्याचं बी होतं, ते महाराजांच्याच हाताखाली असायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे ठणठणीत झाले, पण आबांचा विश्वास गेला तो गेलाच. महाराज उभे राहून एवढंच म्हणाले, "मालिक, वही पत्ती है, वही तौल है. घी में ज़्यादा चढ़ती है." आबांना ती सबब वाटली. आठवड्याभरात महाराजांचा हिशेब झाला आणि ते रीव्याला निघून गेले. तेवीस वर्षं त्यांनी आमच्याकडे काम केलं होतं.

तर हा तो विषय, जो निघाला की कोणीतरी बदलतं.

आता इतिहासाकडे येतो. काही महिन्यांपूर्वी मध्य प्रांतातल्या जुन्या औषधी व्यापाराबद्दल काही शोधताना मला 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चा अहवाल सापडला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो इंटरनेटवर ठेवलाय, सात जाडजूड खंड. झालं असं की १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला: हिंदुस्थानात लोक गांजा-भांग घेतात, त्याने वेडे होतात म्हणे, सरकार काय करतंय? मग हिंदुस्थान सरकारने सात जणांची समिती नेमली. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते, कलकत्ता मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते, आणि आपल्या मध्य प्रांतातले एक अधिकारी होते, ए. एच. एल. फ्रेझर. तेच पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्याला पहिली बैठक, मग देशभर दौरा. सत्तर प्रश्नांची यादी काढली होती आणि ११९३ साक्षी झाल्या. १८९४ मध्ये अहवाल तयार!

आमच्या भागाची माणसं त्यात दोन ठिकाणी शोधावी लागतात. नागपूर मध्य प्रांतात, पण वऱ्हाड तेव्हा वेगळा होता, तो मध्य प्रांताला १९०३ मध्ये जोडला गेला. म्हणून वऱ्हाडातले साक्षीदार मुंबई इलाख्याच्या खंडात जाऊन बसलेत. मध्य प्रांतात गांजाची शेती फक्त निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तहसिलीत करू देत. नागपूरच्या परवानेवाल्या दुकानात विकला जाणारा गांजा त्या सरकारी व्यवस्थेतूनच येई. मुंबई इलाख्यात या पिकाचा मुख्य जिल्हा अहमदनगर. बंगालमध्ये राजशाहीकडचं नौगाव. म्हणजे आज ज्याचं नाव काढलं की पोलीस आठवतात, ते तेव्हा तंबाखूसारखं मोजलेलं, मापलेलं, कर लावलेलं पीक होतं.

कमिशनने वेडाचा आरोपही सोडला नाही. १८९२ या एका वर्षात देशभरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जे १३४४ रुग्ण दाखल झाले, त्यांचे कागद एकेक करून तपासले. नागपूरचं वेड्यांचं इस्पितळ १८६४ पासूनचं, तेही या पद्धतीतलंच. इस्पितळांच्या नोंदींत गांजा-भांगेचं कारण भराभर लिहिलेलं होतं. रुग्ण आला, पोलिसांना कारण माहीत नाही, टाक 'गांजा'! नीट चौकशी केल्यावर थोडंफार खरं म्हणता येईल अशी प्रकरणं उरली फक्त ९८. कमिशनचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला सहसा काही होत नाही, अति करणाऱ्याला होतं, आणि अति करणारे थोडे. सरसकट बंदी त्यांनी सुचवली नाही.

हे वाचताना मी थबकलो ते दुसऱ्याच एका गोष्टीपाशी. कमिशनने तीन पदार्थ वेगळे मानले. भांग म्हणजे पानं. गांजा म्हणजे मादी झाडाचे बी न धरलेले फुलोरे. चरस म्हणजे नुसती राळ. भांग सर्वांत सौम्य, चरस सर्वांत कडक. करही त्याच हिशेबाने. अभ्यासकांनी वेगवेगळ्या भागांतल्या मालात राळ किती निघते तेही मोजलं. म्हणजे झाडाचा कोणता भाग, किती वजनाचा, त्यात राळ किती, हा सगळा हिशेब झाला. पण तो पदार्थ विस्तवावर किती वेळ होता, हा हिशेब कोणाच्याच तराजूत बसला नाही. बसणार तरी कसा? त्याचं कारण कळायला अजून सत्तर वर्षं होती.

ते कारण सांगतो. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेकूलाम आणि त्यांचे सहकारी गावनी यांनी हशीशमधून नशा आणणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं आणि त्याची रचना मांडली. तेच टीएचसी. (मेकूलाम यांना संशोधनासाठी पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो लेबनॉनचा हशीश मिळाला होता, आणि ते तो बसमधून घेऊन गेले! ते २०२३ मध्ये वारले.) पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जर्मन रसायनज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. या आम्लाने नशा येत नाही. त्याला उष्णता लागली की त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा गळून पडतो आणि उरतं ते टीएचसी. या क्रियेला म्हणतात डीकार्बॉक्सिलेशन. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. १०० ग्रॅम आम्लातून जास्तीत जास्त ८८ ग्रॅमच्या आसपास टीएचसी मिळतं, बाकीचं वायू होऊन उडून जातं. म्हणजे वजन घटतं आणि जोर वाढतो!

उन्हात वाळवताना, पोत्यात पडून राहताना ही क्रिया आपोआप, अगदी हळू चालूच असते. म्हणून जुन्या वाळक्या पानांत थोडं टीएचसी तयार झालेलं असतं. शंभर अंशांच्या आसपास ती जरा वेग घेते आणि त्याच्या वर गेलं की भराभर होते. फार तापवलं, फार ठेवलं, की टीएचसीही मोडतं आणि जोर पुन्हा उतरतो.

आता चिलीम, ठंडाई आणि बर्फी या तिन्ही गोष्टी समोर ठेवून बघा. चिलमीत विस्तवच असतो, त्यामुळे आम्लाचं टीएचसी तिथल्या तिथे होतं, आणि फुफ्फुसातून काही मिनिटांत डोक्यात. ओढणाऱ्याला लगेच कळतं की पुरे झालं. ठंडाई थंड. पानं धुतली, वाटली, दुधात गाळली, विस्तवाचा संबंध नाही. वाळक्या पानात जेवढं आपोआप झालं असेल तेवढंच मिळणार, बाकीचं आम्ल तसंच पोटातून निघून जाणार. भांग सौम्य, ही कमिशनच्या साक्षीदारांची समजूत खरीच होती, पण तिचं श्रेय नुसत्या पानाला नव्हतं. ते पाट्या-वरवंट्यालाही होतं.

आणि तुपात परतलेली? तिथे तिन्ही गोष्टी जुळून येतात. उष्णता मिळते, म्हणून आम्लाचं टीएचसी होतं. तूप मिळतं, आणि टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. शिवाय पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात जाऊन आणखी एका जोरकस रूपात बदलतं. परिणाम दिसायला तास-दीड तास लागतो, कधी दोन. तोवर खाणारा म्हणतो, "भांग झोपली वाटते."

हे वाचताना माझ्या हातातला चहा गार झाला, हे खरंच सांगतो.

पण तुम्ही म्हणाल, हे १९६५ चं ज्ञान. रीव्याकडच्या एका कुटणाऱ्या माणसाला १९७९ मध्ये ते कुठून असणार? हाच तर मुद्दा आहे. रेणू माहीत नव्हता, पण गोष्ट शेकडो वर्षं माहीत होती.

१८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने भांग-गांजावर एक निबंध लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकात हे औषध शिरलं ते मुख्यतः त्याच्यामुळे. त्याने कलकत्त्यात माजूम करणाऱ्यांचं काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं. पानं, तूप आणि पाणी एकत्र कोळशाच्या आचेवर ठेवायचं, ढवळत राहायचं. पाणी सगळं आटलं हे कसं ओळखायचं? तर भांड्याच्या कडेला तूप तडतडायला लागतं, त्या आवाजावरून. मग उतरवून गरम असतानाच फडक्यातून पिळायचं, चोथा फेकून द्यायचा आणि तुपाचे गोड पदार्थ करायचे.

आता लोणी कढवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती तडतड म्हणजे काय. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांपाशी अडून राहते. आच कितीही मोठी करा, पाणी आधी वाफ होणार. पाणी संपलं की मगच तूप वर चढतं. माजूमवाल्याकडे थर्मामीटर नव्हता. त्याच्याकडे कान होता. पाणी असेपर्यंत पान करपत नाही, आणि पाणी संपल्याचा आवाज आला की तो भांडं उतरवतो, म्हणजे फार तापून जोर मोडायच्या आत. मला तर यापुढे हात जोडावेसे वाटले.

त्याही मागे जा. शार्ङ्गधर संहिता साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातली. तिच्यात औषधांचे गुण सांगताना 'व्यवायी' नावाचा एक वर्ग येतो. आधी सगळ्या अंगभर पसरायचं आणि मग पचायचं, असं ज्याचं वागणं ते व्यवायी. उदाहरण म्हणून कोण? भांग आणि अफू. भांगेला विजया असंही नाव आहे. वैद्यांनी तिला पुढे उपविषांत बसवलं, आणि उपविष म्हटलं की 'शोधन' आलंच. शोधनाच्या रीती निरनिराळ्या आहेत. एका रीतीत पानं फडक्यात बांधून पाण्याचा हिरवा रंग जाईपर्यंत धुतात, वाळवतात आणि मग गाईच्या तुपात परततात. दुसरीत दुधात शिजवतात.

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'शुद्ध वनौषधी' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे शोधन म्हणजे विष काढून टाकणं, औषध सौम्य करणं, असंच मी लहानपणापासून धरून चाललो होतो. आबाही तसंच धरून असावेत. पाण्याने धुतल्यावर कडवटपणा आणि हिरवा रंग जातो हे खरं. पण टीएचसी आणि त्याचं आम्ल पाण्यात जातच नाही, ते पानालाच चिकटून राहतं. आणि मग ते तुपात परतायचं! म्हणजे या रीतीने भांग सौम्य व्हायच्या ऐवजी जागी होते.

मग वैद्य चुकले का? मला तसं वाटत नाही. वैद्य गुंजा-माशाच्या मापाने औषध देई. त्याला हवा असतो भरवसा. आज दिलेली चिमूट आणि महिन्याने दिलेली चिमूट सारखीच लागू पडली पाहिजे. कोणाचं पान ताजं, कोणाचं दोन वर्षं पोत्यात पडलेलं, कोणाचं उन्हात, कोणाचं सावलीत वाळलेलं. सगळ्यांना एकाच धुण्यातून आणि एकाच तुपातून काढलं की ती बरीचशी एका पातळीला येतात. शोधन म्हणजे मात्रेचा भरवसा, असा अर्थ मी माझ्यापुरता लावलाय. कोणी वैद्य वाचत असतील तर त्यांनी कान धरावा.

हा भरवसा नसला की काय होतं, हे विलायतेत दिसलं. ओशॉनेसीमुळे 'कॅनाबिस इंडिका'चा अर्क तिकडच्या औषधालयांत पोचला, डॉक्टर लिहून देऊ लागले. पण तक्रार कायम एकच. एका बाटलीने रोगी गाढ झोपतो, दुसऱ्या बाटलीने काहीच होत नाही, तिसरीने घाबरून जागा राहतो. झाड वेगळं, माल शिळा, प्रवास लांबचा आणि अर्क काढण्याची रीत वेगळी, अशी अनेक कारणं त्यात होती. आतलं द्रव्यच माहीत नव्हतं तर बाटली प्रमाणित कशी करणार? नवी भरवशाची औषधं आली, सुई आली, आणि १९३२ मध्ये ब्रिटिश फार्माकोपियातून हे औषध गेलं. अमेरिकेच्या फार्माकोपियातून १९४२ मध्ये.

आणि कायदा? त्याने कमिशनचाच धागा पुढे ओढला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात फुलोरे आणि राळ धरली, नुसती पानं बाहेर राहिली. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही गांजा म्हणजे फुलोरे, आणि फुलोऱ्याशिवायची पानं त्या व्याख्येत नाहीत. म्हणून भांगेचं काय करायचं ते राज्यं ठरवतात, आणि म्हणून मध्य प्रदेशात-बनारसला सरकारमान्य दुकान दिसतं आणि आपल्याकडे दिसत नाही. कायद्याला सीमा कुठेतरी आखावीच लागते, त्यात त्याचा दोष नाही. पण त्या सीमेमुळे आपल्या मनात पक्कं बसतं की पान म्हणजे सौम्य. पान सौम्य असतं, तवा सौम्य नसतो.

आता पुन्हा गांधीबागेत येतो.

"वही पत्ती है, वही तौल है. घी में ज़्यादा चढ़ती है." महाराजांच्या या तीन तुकड्यांत ओशॉनेसीही आहे, शार्ङ्गधरही आहे आणि मेकूलामही आहेत. ते खरं तेच सांगत होते. आणि आबा, जे आयुष्यभर औषधं विकत होते, ज्यांच्या पाटीवर 'शुद्ध' लिहिलं होतं, त्यांना ते ऐकू आलं नाही. कारण त्यांच्या मनात तराजू होता. वजन तेच असेल आणि परिणाम वेगळा असेल, तर त्यात काहीतरी दुसरं मिसळलेलं असणारच. दुकानदाराचं तर्कशास्त्र असंच चालतं, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बरोबरही असतं.

धोत्र्याचं म्हणाल तर मी त्याबद्दलही वाचलं. धोत्र्याने बुबुळाची बाहुली मोठी होते, जवळचं दिसेनासं होतं आणि ते एक-दोन दिवसांहून जास्तही टिकतं. अंग तापतं, माणूस नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो. आमच्या घरातली माणसं घाबरली होती, त्यांच्या छाती धडधडत होत्या, डोळे लाल झाले होते, तोंडाला कोरड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पेपर वाचला होता. मला पक्कं आठवतं, कारण मी शेजारी बसून चित्रं बघत होतो. धोत्रा खाल्लेला माणूस दुसऱ्या सकाळी पेपर वाचत नाही. डॉक्टरांचाही राग नाही. कोरडं तोंड आणि धावती नाडी बघून कोणीही ते विचारलं असतं. त्यांनी प्रश्न विचारला होता, निकाल आम्ही दिला.

हे सगळं जुळवून मागच्या महिन्यात मी आईला सांगायला गेलो. आई आता शहात्तर वर्षांची आहे. टीएचसी वगैरे मी गाळलंच. म्हटलं, "आई, तुपात परतली की तीच भांग कितीतरी पट चढते. महाराजांनी काही मिसळलं नव्हतं." मला वाटलं तिला आश्चर्य वाटेल. ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली,

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी होती ना सैपाकघरात. थाळा देताना महाराजांनी सांगितलं होतं, बहूजी, सुपारीएवढे तुकडे करा, घी की है. मोठ्या वहिनी म्हणाल्या, पाहुण्यांसमोर एवढे एवढे तुकडे बरे दिसतील का? त्यांनी नेहमीसारख्या वड्या पाडल्या."

"मग तू आबांना सांगितलं काहून नाही?"

तिने मान वर केली नाही. "सासऱ्यांसमोर मोठ्या जावेचं नाव घ्यायचं होतं का मी? धाकटी सून होती मी. आणि एक-दोन दिवसांत राग उतरेल, असं वाटलं मला. मग महाराज गेलेच." थोडं थांबून म्हणाली, "जाताना माझ्या पाया पडले. मी मागे सरकली. ब्राह्मण माणूस, वडिलांच्या वयाचा."

त्यावर मला काही सुचलं नाही. मीही वाटाणे सोलायला बसलो.

आबा १९९१ मध्ये गेले, मोठे काका आणि काकूही आता नाहीत, दुकान विकून झालं. त्या जागी आता कापडाची गादी आहे. महाराजांचा पत्ता दुकानाच्या वहीत असणार, पण वह्या वाळवीने खाल्ल्या. त्यांचं गाव रीव्यापासून किती, कोणत्या बाजूला, हे आईलाही आठवत नाही. त्यांना एक मुलगी होती एवढंच तिला आठवतं. तिच्या लग्नासाठी त्यांनी आबांकडे पैसे जमा ठेवले होते, आणि ते आबांनी पै न पै मोजून दिले होते. तेही बरोबर तोलून.

घरच्या मंडळींनो, यंदा होळीला हा विषय निघाला तर बदलू नका. आईसमोर काढा. तिला बोलायचंय, असं मला वाटतं.